मोहाचें फूल आणि आबकारीचें राज्य

फाल्गुन सरत आला म्हणजे मेळघाटच्या डोंगरांत मोहाचा बहर सुरू होतो. रात्रीं उमललेलीं फिकट पिवळीं, मांसल फुलें पहांटेस गळून पडतात, आणि उजाडतें न उजाडतें तोंच टोपल्या घेऊन बायकापोरें झाडांखालीं जमतात. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोंकास तापीच्या खोऱ्यांत असलेल्या धारणी तालुक्यांत हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वाळलेल्या मोहफुलांत निम्म्याहून अधिक अंश साखरेचा असतो. यामुळें तें फूल नुसतें खातां येतें, भाकरींत मिसळतां येतें, गुरांस घालतां येतें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांचा तडाखा वऱ्हाडास बसला, तेव्हां अशाच रानमेव्यानें डोंगरांतील पुष्कळ घरांचे जीव तगविले. मात्र सरकारदप्तरांत या फुलाची गणना अन्नांत फारशी झाली नाहीं. तेथें त्याचें नांव दारूशींच जोडलें गेलें.

या भागांतील मुख्य वस्ती कोरकू लोकांची. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळांतील नव्हे. ती मुंडारी भाषांच्या कुळांतील असून त्या कुळाच्या पश्चिमेकडील शेवटच्या ठाण्यावर उभी आहे. मोहाच्या दारूला कोरकूंत ‘सिडू’ म्हणतात. लग्न जुळवितांना, देवास नैवेद्य दाखवितांना, मृतांच्या स्मरणार्थ कोरींव लांकडी खांब उभारतांना सिडूवांचून कार्य पुरें होत नाहीं. पहिली धार जमिनीवर सोडावयाची, ती देवाची आणि पूर्वजांची. मग उरलेली माणसांची. घरची दारू ही अशा रीतीनें प्रथम नात्याची आणि विधीची वस्तु होती, बाजाराची नव्हती.

ती तयार करण्याची कृति साधी असली तरी तिला अनुभव लागतो. वाळलीं फुलें पाण्यांत भिजत घातलीं म्हणजे कांहीं दिवसांत किण्वाच्या योगानें साखरेचा मद्यार्क बनूं लागतो. यासच सडवा म्हणतात. यूरोपांतील गृहिणी जवापासून बीअर करीत, तीही येथपर्यंतच जात असे. मोहाच्या बाबतींत पुढें आणखी एक पायरी असते. सडवा भांड्यांत उकळून निघणारी वाफ थंड पाण्यानें गार करावयाची आणि थेंब थेंब गोळा करावयाचे. मद्यार्क सुमारें ७८ अंश सेंटिग्रेड उष्णतेस उकळतो, म्हणून तो पाण्याआधीं वर येतो. सडवा सौम्य असतो, पण गाळलेला अर्क चांगलाच कडक उतरतो. कायद्यांनीं या दोहोंना पुढें निरनिराळी वागणूक दिली, त्याचें मूळ या एका पायरींत आहे.

घरच्या मद्यावर राजाची दृष्टि असणें ही कांहीं इंग्रजी अंमलाची नवलाई नव्हे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ंत सुराध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे आणि मद्याचा व्यापार त्याच्या देखरेखीखालीं आहे. तथापि त्याच ग्रंथांत कुटुंबांना कार्याच्या प्रसंगीं पांढरी सुरा आणि औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मोकळीक दिली आहे. उत्सव आणि यात्रा यांकरितां चार दिवसांची सवलत आहे. चरकसंहितेंत फुलांपासून होणारीं जीं आसवें सांगितलीं आहेत, त्यांत मधूकाचें, म्हणजे मोहाचें, आसव येतें. राज्यानें बाजार आपल्या हातीं ठेवावा आणि घराला त्याच्या सणापुरतें सोडून द्यावें, अशी ती जुनी तडजोड होती.

एकोणिसाव्या शतकांत ती मोडली. मुंबई इलाख्यांत १८७८ चा आबकारी कायदा आला, आणि गांवोगांवच्या भट्ट्या बंद करून मोठ्या मध्यवर्ती भट्टीची दारू मक्तेदाराच्या दुकानांतून विकण्याचें धोरण सुरू झालें. १८९२ सालीं तर खास मोहाच्या फुलांसाठींच एक कायदा झाला. त्याअन्वयें ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलें बाळगण्यावर व त्यांच्या व्यापारावर निर्बंध आले. दारू तर दूरच राहिली, खुद्द फूलच संशयित ठरलें! मध्यप्रांतांत दूरच्या मुलखांत भट्टीचा आणि विक्रीचा हक्क लिलांवानें देण्याची पद्धति बरींच वर्षें चालली. १९०५-०६ च्या हिंदुस्थान आबकारी समितीनें ती मोडून मोठ्या कारखान्यांतून पुरवठा करण्याची शिफारस केली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारांत होतें आणि १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. १९१५ सालीं मध्यप्रांताचा नवा आबकारी कायदा झाला. या सर्व फेरफारांत एक गोष्ट कायम राहिली. स्वतःच्या झाडाच्या फुलांपासून स्वतःच्या घरीं होणारी वस्तु आतां दुकानांतून, रोख पैशानें किंवा उधारीनें, घ्यावी लागे. उधारीच्या मागून कर्ज आलें आणि कर्जाच्या मागून कित्येकांची जमीन गेली.

दक्षिण गुजराथेंतील आदिवासींच्या बाबतींत हा प्रवास डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानें तपशिलानें मांडला आहे. १९२२ सालीं तेथें ‘देवी’ची चळवळ उसळली. देवीच्या आज्ञेनें हजारों लोकांनीं दारू सोडली, आणि त्याबरोबर दुकानदाराची उधारीही सोडली. कालांतरानें कांहींजण पुन्हां पिऊं लागले. व्रत पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हां वळलेले ‘सरजेला’ असे समाजांत दोन तट पडले. सोडलेल्या गोष्टीकडे माणसें केवळ मोहापायीं परततात असें नव्हे. जुने देव आणि जुनी सोयरीक यांचीही ओढ त्यांत असते, हें या दोन शब्दांवरून ध्यानांत येतें.

दूरच्या देशांतही असेंच घडलें. इंग्लंडांत १८८० सालीं घरीं बीअर करणारास परवान्याचें बंधन आलें आणि पूर्वीं घरोघर चालणारी ती कला हळूं हळूं मावळली. १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं तो परवाना रद्द केला, तेव्हां लोकांनीं धूळ खात पडलेलीं भांडीं पुन्हां बाहेर काढलीं. अमेरिकेंत १९२० ते १९३३ या काळांत दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरच्या बीअरला मोकळीक मिळाली नाहीं. ती १९७८ च्या कायद्यानें मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घरास वर्षाला २०० गॅलन, आणि विक्री मुळींच नाहीं, अशी त्याची मर्यादा ठरली. तेथें जें परत आलें तें छंद म्हणून परत आलें. मात्र अर्क गाळण्याची परवानगी त्या कायद्यानें दिली नाहीं.

मेळघाटांत परतण्याची वाट इतकी सरळ नव्हती. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा झाला. मुंबई राज्याचा कायदा १९४९ सालीं आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यांत गेला आणि १९५९ सालीं तोच कायदा विदर्भास लागू झाला. तोंपर्यंत धारणीचे कोरकू आणि बैतूल-निमाडाचे कोरकू एकाच राज्यांत नांदत होते. आतां त्यांच्यामध्यें सीमा आली. पुढें मध्यप्रदेशांत अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरगुती आणि सामाजिक कार्यापुरती मर्यादित दारू गाळण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रांत मात्र परवान्यावांचून गाळणें हा गुन्हा राहिला, आणि १९७३ च्या नियमांनीं कारखान्यांत बनलेल्या देशी दारूच्या विक्रीची घडी बसविली. एका सोयरिकीचीं दोन घरें, देव तोच, विधि तोच. पण सीमेच्या एका बाजूस जो रिवाज, तोच दुसऱ्या बाजूस अपराध.

याचा अर्थ घरची भट्टी निर्दोष आहे असा मुळींच नव्हे. दारूनें घरें बुडतात, आणि मार खाणारी स्त्री ती दारू सरकारी शिक्क्याची कीं रानांतली हें विचारीत बसत नाहीं. विक्रीसाठीं घाईनें गाळलेल्या दारूंत नवसागरासारखे पदार्थ पडतात. तिला सिडूचें नांव देणें हा सिडूचाच अपमान होय. विदर्भांतच वर्धा जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलींत ती लोकचळवळीच्या रेट्यानें १९९३ सालीं आली. चंद्रपुरांत २०१५ सालीं आलेली बंदी २०२१ सालीं उठली. या मागण्यांच्या पाठीशीं स्त्रियांचा आवाज मोठा होता, आणि त्याला उत्तर देतांना परंपरेचें नांव पुढें करून भागणार नाहीं.

परंतु निर्णय कोणीं करावा, हा प्रश्न उरतोच. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचें नियमन करण्याचा, तसाच गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार दिला. धारणी आणि चिखलदरा हे तालुके त्या क्षेत्रांत येतात. २०२१ सालीं महाराष्ट्रानें मोहफुलांवरील जुने निर्बंध सैल केले, आणि त्याच वर्षीं मध्यप्रदेशानें मोहाच्या दारूस वारशाची दारू म्हणून बाजारांत आणण्याचें धोरण जाहीर केलें. शतकाहून अधिक काळ संशयित ठरलेलें फूल आतां प्रतिष्ठित होऊं पाहत आहे. त्या प्रतिष्ठेचा लाभ बाटलीवर चिठ्ठी लावणारास होणार कीं फूल वेंचणारीस होणार, यावर सर्व अवलंबून आहे. कौटिल्यानें घराला जें सणापुरतें दिलें होतें, तें आज ग्रामसभा देऊं शकते; आणि ज्या सभेंत स्त्रियांचें मत मोजलें जातें, तिनें ‘नको’ म्हटलें तर तो नकारही दुकानाच्या नव्हे, गांवाच्याच हातचा असेल.