फ्यूज उडाला की स्वतःच दिवा लावतो! जुन्या गाडीतला शॉर्ट कसा शोधायचा? वाचा सविस्तर

सोलापूर : मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, अॅम्बेसेडरचंही त्याच वर्षी. ओम्नी आणि सुमो २०१९ मध्ये बंद झाल्या. पण आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर या गाड्या आजही धावताना दिसतात. इंजिन अजून साथ देतं, वायरिंग मात्र म्हातारं झालेलं असतं. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. खड्ड्यांच्या रस्त्यानं वायर पत्र्याला घासते. शेतात, गोठ्याशेजारी गाडी उभी असेल तर उंदीर वायर कुरतडतात. मग एक दिवस फ्यूज उडतो. नवा घातला की तोही उडतो.

अशा वेळी बरेच जण फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतात. हे सगळ्यात धोक्याचं. फ्यूज हा वायरिंगमधला मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा आहे. तो वितळला नाही तर वायर तापते, प्लास्टिक पेटतं आणि गाडीला आग लागू शकते. फ्यूज न बदलता तशीच गाडी चालवली तर मागचे दिवे बंद राहतात. ऊस वाहतुकीच्या हंगामात अंधारात बिनदिव्याचं वाहन म्हणजे अपघाताला आमंत्रण. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत वाहनाचे दिवे लागलेले असणं बंधनकारक आहे.

दिव्याचा फ्यूज म्हणजे काय?

दिसायला हा नेहमीच्या दोन पात्यांच्या फ्यूजसारखाच असतो. फरक इतकाच की आत बारीक एलईडी आणि रेझिस्टन्स बसवलेला असतो. फ्यूज चांगला असताना सगळा करंट आतल्या पट्टीतून जातो, एलईडी बंद राहतो. पट्टी वितळली की करंटला एलईडीचीच वाट उरते आणि तो लागतो. त्यातून अगदी किरकोळ करंट जातो. त्यामुळे वायर तापत नाही, पण फ्यूजबॉक्स उघडताच कोणता फ्यूज गेला ते लगेच दिसतं. दुकानात 'एलईडी फ्यूज' किंवा 'इंडिकेटर फ्यूज' म्हणून मागा.

घेताना आपल्या गाडीतला फ्यूज काढून सोबत न्या, कारण साधा आणि मिनी असे वेगवेगळे आकार असतात. काचेच्या नळीचे फ्यूज असलेल्या जुन्या गाड्यांत पात्याचा फ्यूज बसत नाही.

रंग पाहून अँपिअर ओळखा

- ५ अँपिअर : फिकट तपकिरी
- ७.५ अँपिअर : तपकिरी
- १० अँपिअर : लाल
- १५ अँपिअर : निळा
- २० अँपिअर : पिवळा
- २५ अँपिअर : पांढरा किंवा पारदर्शक
- ३० अँपिअर : हिरवा

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जो आकडा आहे तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. १० चा उडतोय म्हणून २० चा घालू नका.

आधी हे पाहा : फ्यूज कधी उडतो?

- घातल्या घातल्या उडाला : सरळ शॉर्ट. वायर बॉडीला टेकली आहे.
- खड्ड्यात किंवा वळणावर उडतो : वायर कुठेतरी घासते आहे.
- ब्रेक दाबल्यावरच उडतो : ब्रेक लाइटची वायर किंवा होल्डर.
- दहा-पंधरा मिनिटांनी उडतो : लोड जास्त. १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन बल्ब साधारण १० अँपिअर घेतात. त्या जागी १०० वॅटचे दोन लावले की जवळपास १७ अँपिअर होतात, मग १५ चा फ्यूज टिकणार कसा?

शॉर्ट शोधायची पद्धत

समजा मागच्या दिव्यांचा फ्यूज वारंवार उडतोय.

१. त्या फ्यूजवर काय काय चालतं ते लिहून घ्या. उदाहरणार्थ मागचे दोन दिवे, नंबर प्लेटचा दिवा, पुढचे पार्किंग दिवे, मीटरचा दिवा. नंतर जोडलेल्या वस्तूही धरा.

२. त्याच अँपिअरचा दिव्याचा फ्यूज घाला आणि दिव्यांचं बटण चालू करा. फ्यूज उडेल आणि एलईडी लागेल. बटण चालूच ठेवा.

३. आता त्या यादीतले सगळे बल्ब काढा, जोडलेल्या वस्तूंचे सॉकेट सोडा. हे महत्त्वाचं आहे, कारण चांगल्या बल्बमधूनही एलईडीला वाट मिळते आणि तो लागलेलाच राहतो.

४. सगळं काढूनही एलईडी चालू आहे? मग वायर किंवा होल्डर बॉडीला टेकला आहे. वायरिंगमधला मधला सॉकेट सोडा. एलईडी विझला तर दोष त्या सॉकेटच्या पुढे, मागच्या दिव्यांकडे. चालूच राहिला तर दोष अलीकडे, फ्यूजबॉक्सच्या बाजूला. असं निम्मं-निम्मं करत जागा गाठा.

५. एक जण फ्यूजबॉक्सपाशी बसवा, दुसऱ्यानं वायर हलवत जायचं. एलईडी लुकलुकला की हात थांबवा. दरवाजाच्या बिजागरीपाशी, डिकीच्या झाकणाजवळ, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे आणि सायलेन्सरजवळ आधी पाहा.

६. सगळं काढल्यावर एलईडी विझला? मग मुख्य वायर ठीक आहे, दोष काढलेल्या वस्तूंपैकी एकात आहे. बटण बंद करून नवा फ्यूज घाला, मग चालू करून एकेक वस्तू जोडा. जिच्यावर फ्यूज उडेल तीच दोषी.

दोष सापडला की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कापलेली वायर तेवढ्याच जाडीच्या वायरीनं जोडा, चांगली टेप किंवा स्लीव्ह लावा आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. शेवटी उडालेला एलईडी फ्यूज काढून नवा घाला.

ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही हीच पद्धत चालते. तिथे सगळ्यात आधी ट्रॉलीचा मागचा सॉकेट सोडा. एलईडी विझला आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे बल्बही काढलेले असतील तर शॉर्ट ट्रॉलीच्या वायरीत आहे.

एलईडी लागला नाही म्हणजे फ्यूज चांगला, असं नाही

एलईडी लागायला दोन गोष्टी लागतात : एका बाजूनं बॅटरीचा सप्लाय आणि दुसऱ्या बाजूनं बॉडीपर्यंत वाट. चावी किंवा बटण बंद असेल, बल्ब गेलेला असेल, अर्थिंग तुटलेलं असेल तर फ्यूज उडूनही एलईडी लागत नाही. काही फ्यूजमध्ये एलईडी एकाच दिशेनं लागतो, म्हणून एकदा फ्यूज काढून उलटा बसवून पाहा. तरीही शंका असेल तर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. त्याची क्लिप स्वच्छ बॉडीला लावा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक टोकांना टोक टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकाच टोकाला लागला तर फ्यूज गेला. कुठेच लागला नाही तर सप्लायच येत नाही.

फ्यूज चांगला पण दिवे बंद असतील तर शॉर्ट नाही, वायर तुटली आहे किंवा अर्थिंग सैल आहे. गंजलेला अर्थिंगचा नट घासून घट्ट करा. कित्येकदा तेवढ्यावरच काम होतं.

हे नक्की पाळा

- गॅसवरच्या गाडीत किंचित जरी वास आला तर बटणाला हात लावू नका. दारं उघडा, लांब जा, गॅसवाल्या मेस्त्रीला बोलवा.
- एअरबॅगच्या वायरी आणि फ्यूजला घरी हात लावायचा नाही.
- जळका वास किंवा धूर आला तर लगेच बॅटरी सोडा.
- बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.
- प्रत्येक अँपिअरचे दोन-दोन फ्यूज आणि एक टेस्ट लॅम्प गाडीत कायम ठेवा.

मेस्त्रीकडे जावं लागलं तरी 'फ्यूज उडतोय' एवढंच सांगू नका. 'मधला सॉकेट सोडल्यावर एलईडी विझतो' असं सांगा. त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो, आणि तुमची मजुरीही.