टॅनर, हेन्री ओसावा

(२१ जून १८५९–२५ मे १९३७). आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार. जन्म पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे. वडील बेंजामिन टकर टॅनर हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक, पुढे बिशप. आई सारा यांचा जन्म गुलामगिरीत झालेला. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात गाजलेल्या कॅन्ससमधील ओसावाटॉमी या गावावरून मुलाचे मधले नाव ठेवण्यात आले.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत टॉमस एकिन्स यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. मात्र चित्रांवर पोट भरेना. अटलांटात छायाचित्रणाचा स्टुडिओ काढला, तोही चालला नाही. बिशप हार्टझेल दांपत्याच्या मदतीने १८९१ मध्ये ते रोमला निघाले. वाटेत पॅरिसला उतरले आणि तिथेच राहिले. अकादेमी झ्युलियाँमध्ये ज्यां-पॉल लोरांस आणि बेंजामिन-काँस्तां हे त्यांचे गुरू होते. वर्णद्वेषाच्या जाचाविना काम करता येते, हा अनुभव पॅरिसने त्यांना दिला. पुढे त्यांनी फ्रान्सच आपले घर मानले.

आजारपणामुळे १८९३ मध्ये काही काळ ते मायदेशी परतले. ‘द बँजो लेसन’ हे चित्र त्याच सुमाराचे. म्हातारा आपल्या मांडीशी उभ्या नातवाला बँजो शिकवतो आहे. एका बाजूने खिडकीचा थंड उजेड येतो, दुसऱ्या बाजूने चुलीची ऊब. बँजो वाजवणारा कृष्णवर्णीय हा तेव्हाच्या अमेरिकी रंगमंचावर हमखास टिंगलीचा विषय असे. टॅनर यांनी त्याच वाद्याभोवती मायेने आणि एकाग्रतेने विद्या देणारा माणूस उभा केला. त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत धाडसाचे चित्र म्हणावे लागेल. अशी चित्रे त्यांनी फार थोडी काढली, याची हळहळ वाटते.

नंतर ते बायबलमधील प्रसंगांकडे वळले. ‘लाझरसचे पुनरुत्थान’ या चित्राला १८९७ च्या पॅरिस सालोंमध्ये पदक मिळाले आणि फ्रेंच सरकारने ते विकत घेतले. ते पाहून प्रभावित झालेले अमेरिकी व्यापारी रॉडमन वॉनामेकर यांनी टॅनर यांच्या इजिप्त-पॅलेस्टाईन प्रवासाचा खर्च उचलला. देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो, त्या प्रसंगाचे ‘द अनन्सिएशन’ (१८९८) हे चित्र या प्रवासाचे फळ. विस्कटलेल्या बिछान्याच्या कडेला साध्या खेडवळ वेशातली किशोरवयीन मेरी बसली आहे. समोरच्या देवदूताला ना पंख, ना चेहरा; आहे तो केवळ सोनेरी प्रकाशाचा उभा झोत. शतकानुशतके चितारलेल्या या प्रसंगाचा इतका निराळा आणि श्रद्धाळू विचार क्वचितच कुणी केला असेल.

१८९९ मध्ये त्यांनी गायिका जेसी ओल्सन यांच्याशी विवाह केला. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसमध्ये होते. १९२३ मध्ये फ्रान्सने ‘लीजन ऑफ ऑनर’ने त्यांचा गौरव केला. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दीत त्यांचे अटलांटिक सिटीच्या वाळूच्या टेकड्यांचे निसर्गचित्र व्हाइट हाउससाठी विकत घेण्यात आले. तेथील कायम संग्रहातील कृष्णवर्णीय चित्रकाराची ती पहिली कलाकृती होय.