धांवणाऱ्याची शिदोरी

‘आधीं पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण बहुधा खादाड माणसाची थट्टा करण्यासाठीं वापरली जाते. परंतु धांवण्याचा इतिहास चाळून पाहिला म्हणजे ही म्हण थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं, असें दिसून येतें. आज खानदेशांत, जळगांवच्या मेहरूण तलावाकाठीं काय किंवा धुळ्याच्या मैदानांवर काय, पहाटेच्या अंधुक प्रकाशांत धांवणाऱ्यांचे जथे दिसतात. कोणी आरोग्यासाठीं धांवतो, कोणी शर्यतीसाठीं. आणि पुष्कळसे तरुण पोलिसांत किंवा सैन्यांत भरती व्हावें म्हणून धांवतात. उन्हाळ्यांत या प्रांतीं पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हां धांवण्यास पहाटेसारखी दुसरी वेळ नाहीं. जथ्यांतील सर्वांचीं पावलें एका तालावर पडतात. परंतु प्रत्येकाच्या घरचें ताट मात्र सारखें नसतें. धांवणाऱ्याचा विचार त्याच्या ताटापासून तोडतां येत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक होती. पुढें जगाला तिचा विसर पडला, आणि अखेर शास्त्रानें ती पुन्हां शिकविली. त्याचाच हा थोडक्यांत वृत्तांत होय.

पेशवाईंतील पत्रव्यवहारांत ‘जासूद जोडी’ असा उल्लेख वारंवार आढळतो. महत्त्वाचें पत्र एकट्याच्या हातीं न सोंपवितां दोघांच्या जोडीबरोबर रवाना करीत. एकाचें कांहीं बरें-वाईट झालें तरी दुसऱ्यानें मजल गांठावी, हा त्यांतील हेतु उघड आहे. या जासुदांच्या मजुरीस ‘अजुरा’ म्हणत. दक्षिणेंतून उत्तर हिंदुस्थानांत जाणाऱ्या मोठ्या वाटा खानदेशांतून, तापी ओलांडून सातपुड्याकडे जात. म्हणून या प्रांताला पायीं दौडणाऱ्या निरोप्यांची ओळख फार जुनी आहे. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावरहि सरकारी टपाल बराच काळ हरकाऱ्यांच्या पायांवरच चाले. हरकारा आपला टप्पा धांवून थैली पुढच्याच्या हवालीं करी. टप्प्याच्या या व्यवस्थेंत एक शहाणपण होतें. माणसाच्या अंगांतील शक्तीला सीमा आहे, आणि ती संपण्यापूर्वीं त्याला विसांवा व अन्न मिळालें पाहिजे, हें तींत गृहीत धरलेलें होतें. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी भुसावळास आली, १९०० मध्यें चाळीसगांवाहून धुळ्यास लोहमार्ग झाला, आणि धांवणाऱ्या हरकाऱ्याचें काम हळूहळू संपलें.

या प्रांताच्या इतिहासांतील दुसरें उदाहरण धरणगांवचें आहे. १८२५ मध्यें जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानें तेथें भिल्लांची पलटण उभारली. भिल्ल लोक डोंगरांत चपळ आणि वाटचालींत अथक म्हणून प्रसिद्ध होते. इंग्रजी ग्रंथकारांनीं या कामगिरीचें श्रेय बहुतेक औट्रमच्या धाडसाला दिलें आहे. तें धाडस नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु घाटवाटांच्या राखणीबद्दल मिळणारे जुने हक्क राज्यक्रांतीच्या धामधुमींत बुडाल्यामुळें ज्यांची उपासमार झाली होती, त्यांना आतां ठरल्या वेळीं वेतन मिळूं लागलें, ही गोष्ट कवाइतीहून कमी महत्त्वाची नव्हती. शिस्त पोटभर जेवलेल्या माणसालाच लावतां येते.

आपल्याकडील तालमींत तर हा नियम रोजच्या व्यवहारांत उतरला होता. पहाटे आखाडा खणणें, जोर, बैठका, दौड आणि मग लढत, असा क्रम असे. परंतु वस्ताद नव्या पोराला मेहनत सांगण्यापूर्वीं त्याच्या खुराकाची चौकशी करी. दूध, तूप आणि बदाम, खसखस, बडीशेप घालून घोटलेली थंडाई हा मल्लाचा खुराक. आणि तो ज्याच्या घरीं निघत नसे, त्याच्यासाठीं गांवांतील एखाद्या सधन माणसानें हात पुढें करावा, अशी रीत होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं तर मल्लांना राजाश्रयच दिला. ‘खुराकाशिवाय मेहनत म्हणजे तेलावांचून दिवा’ हा तालमीचा भाव होता. दिवा कांहीं वेळ जळतो. परंतु जळते ती वात.

पाश्चात्त्य देशांतील लांब पल्ल्याच्या शर्यतींत हें भान फार उशिरां आलें. १९०४ मध्यें अमेरिकेंत सेंट लुई येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथील मॅरेथॉनचा विजेता थॉमस हिक्स वाटेंत गळाठला, तेव्हां त्याच्या साहाय्यकांनीं त्याला कुचल्याचें सत्त्व व ब्रँडी पाजून पुढें रेटलें. तो जिंकला, पण मरतां मरतां वांचला. धांवतांना माणसाला उत्तेजक हवें अशी तेव्हां समजूत होती. त्याला अन्न हवें, हें कोणाच्या ध्यानीं येत नव्हतें.

यानंतर सोळा वर्षांनीं महाराष्ट्रांतील धांवपटूंनीं ऑलिंपिकचें मैदान पाहिलें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी वर्गांतील पोरें अनवाणी धांवत असत. त्यांची धांव पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्या पुढाकारानें १९२० मध्यें हिंदुस्थानचे खेळाडू अँटवर्पला गेले. बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं तेथील मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटरांचें अंतर, २ तास ५० मिनिटें व ४५ सेकंदांत तोडून १९ वा क्रमांक मिळविला. त्यांचे सोबती सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. त्याच सामन्यांत मल्ल रणधीर शिंदे कुस्तींत चौथे आले. तालमीच्या मल्लामागें खुराकाची पिढीजाद व्यवस्था होती. अनवाणी धांवणाऱ्यामागें तशी कोणतीच परंपरा नव्हती. हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

शास्त्रानें या प्रश्नाला हात घातला तो १९२४ मध्यें. त्या वर्षीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. लेव्हाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मॅरेथॉन संपवून आलेल्या धांवपटूंचें रक्त तपासलें. जे अगदीं गलितगात्र होऊन आले होते, त्यांच्या रक्तांतील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षीं त्यांनीं धांवपटूंना शर्यतीपूर्वीं पिष्टमय अन्न भरपूर खावयास लावलें व वाटेंत साखरेच्या गोळ्या दिल्या. तेव्हां त्यांची साखर टिकली आणि प्रकृतीहि नीट राहिली. १९६७ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं त्याच्याहि पुढें जाऊन स्नायूंतील साखरेचा सांठा मोजला. हा सांठा म्हणजे ग्लायकोजेन. सायकलयंत्रावर सारख्याच जोरानें व्यायाम करणारा माणूस पिष्टमय अन्न वर्ज्य केल्यावर सुमारें ५७ मिनिटें टिकला, नेहमींच्या आहारावर ११४ मिनिटें आणि पिष्टमय अन्न भरपूर घेतल्यावर १६७ मिनिटें. जिद्द तीच, माणूस तोच. फरक फक्त ताटाचा.

हा इतिहास खानदेशांतील पहाटेच्या जथ्यांना जवळचा आहे. धुळ्यास राज्य राखीव पोलीस दलाचा सहावा गट आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळें या भागांतील तरुणांच्या डोळ्यांपुढें खाकी गणवेश लहानपणापासून असतो. परंतु त्या गणवेशाची वाट धांवेवरून जाते. जून २०१४ मध्यें मुंबईच्या पोलीस भरतींत पांच किलोमीटरांच्या धांवेंत कांहीं उमेदवार कोसळून मृत्यु पावले. दिवस उकाड्याचे होते, आणि परगांवाहून आलेल्या कित्येकांनीं रात्र पदपथावर काढली होती. पुढें शिपाई भरतीसाठीं पुरुषांची धांव १,६०० मीटरांवर आणली गेली. अंतर कमी झालें, हें योग्यच झालें. पण उपाशीं पोटीं, अपुऱ्या झोपेनें, महिनोन्‌महिने कसून धांवणारा तरुण अंतर कमी केल्यानें पुरा सुरक्षित होत नाहीं.

रात्रभराच्या उपवासानें यकृतांतील साखरेचा सांठा बराच उतरलेला असतो. अर्धा तास सावकाश धांवावयाचें असेल तर तेवढ्यानें बिघडत नाहीं. परंतु जोराची व लांब धांव घेणाऱ्यानें निघण्यापूर्वीं कांहीं तरी खाल्लें पाहिजे. येथें खानदेशाला परदेशीं पुडक्यांकडे पाहण्याचें कारण नाहीं. रोज तास-दीड तास कसून मेहनत करणाऱ्यानें आपल्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें ६ ग्रॅम पिष्ट घ्यावें, असें आहारशास्त्र सांगतें. ५५ किलो वजनाच्या तरुणाला तें ३३० ग्रॅम होतें. ज्वारीच्या चार भाकरींतून सुमारें २०० ग्रॅम, तीन केळ्यांतून ७०, वाटीभर डाळींतून ३० आणि थोड्या गुळांतून तितकेंच. हिशेब बहुतेक जमला. शेंगदाणे, डाळ व दूध हीं स्नायूंची झीज भरून काढतात. आणि ज्वारींत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी तर दोन्ही कामें करते. पहाटे निघण्यापूर्वीं एक केळें, परतल्यावर तासाभरांत न्याहारी, घामाच्या मानानें पाणी व मीठ, इतकी शिदोरी पुष्कळ आहे.

मुलींच्या बाबतींत तर अधिक दक्षता हवी. कारण घरांत सर्वांत शेवटीं जेवणें हें अनेकदां त्यांच्याच वांट्याला येतें. मेहनतीच्या मानानें अन्न कमी पडलें म्हणजे मासिक पाळी बंद होते, हाडें ठिसूळ होतात व त्यांना तडे जातात; मुलांच्याहि शरीराची अशीच हानि होते. २०१४ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें या अवस्थेचें स्वतंत्र निदान मान्य केलें. अशी मुलगी मागें पडूं लागली कीं तिला आणखी धांवावयास सांगण्यांत येतें, आणि रोग बळावतो.

म्हणून जथ्याच्या नायकानें केवळ घड्याळाकडे पाहून चालणार नाहीं. जो रोज मागें पडतो तो आळशी आहे असें ठरविण्यापूर्वीं, त्यानें काल रात्रीं काय खाल्लें हें विचारलें पाहिजे. जुना वस्ताद हेंच विचारीत असे. जथ्यानें मिळून केळ्यांचा एक घड आणि शेंगदाण्यांची एक पिशवी मैदानावर आणून ठेविली, आणि धांव संपल्यावर सर्वांनीं एकत्र बसून ती शिदोरी सोडली, तर त्यांत कोणाचा मान जात नाहीं व कोणाचें दैन्यहि उघडें पडत नाहीं. जासुदाची जोडी एकमेकांना सांभाळून मजल गांठीत असे. पहाटे एकत्र धांवणाऱ्यांचेंहि नातें तेंच आहे.