सहा सेंटिमीटरचा इतिहास

घरात मूल रांगायला लागलं की टेबलाचे कोपरे एकाएकी टोकदार दिसू लागतात. मूल धडपडलं की सगळे त्याच्या आईला विचारतात, "लक्ष कुठं होतं तुझं?" हाच प्रश्न सामान बनवणाऱ्याला विचारायला मात्र फार वर्षं लागली.

आपल्या जुन्या घरांत सामानच थोडं. निजणं-बसणं जमिनीवर, वस्तू भिंतीतल्या कोनाड्यात नि फडताळात. चूल, विहीर असे धोके होतेच, पण भिंतीतलं फडताळ काही अंगावर पडत नसे. उंच कपाटं, खणांची टेबलं आली, तसा हा नवा धोका घरात शिरला.

अमेरिकेत हे सामान घरोघर होतं, आणि त्याचे नियम कसे होत गेले ते तारीखवार सापडतं. तिथे बाळाला कठड्याच्या लाकडी पलंगात निजवतात. कठड्याच्या दांड्यांत अंतर जास्त असलं, तर बाळाचं अंग पायांकडून बाहेर सरकायचं आणि डोकं अडकायचं. १९७३ साली नियम झाला, १९७४ पासून लागू झाला: दोन दांड्यांत २⅜ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. एवढीशी फट, पण तिच्यामागे किती आयांचं रडणं असेल!

बाळाला उचलताना वाकावं लागू नये म्हणून खाली सरकणाऱ्या कठड्याचे पलंगही होते. सोय उत्तम, पण खिळे-कड्या झिजल्या की कठडा सुटायचा आणि बाळ फटीत अडकायचं. २८ जून २०११ पासून असे पलंग विकायलाच बंदी आली.

कपाटांची गोष्ट आणखी लांबली. खणांच्या कपाटाचे दोन-तीन खण उघडले की वजन पुढे येतं. लहान मुलाला ते खण पायऱ्यांसारखे वाटतात. मूल चढलं की कपाट त्याच्यासकट पुढे पडतं. यासाठी २००० सालापासून मानक होतं, पण ते ऐच्छिक! जून २०१६ मध्ये इकीआने मुलांच्या मृत्यूंनंतर एकट्या अमेरिकेतली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलावली. तरी सक्तीचा कायदा व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. मुलं गमावलेल्या आईबापांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. १ सप्टेंबर २०२३ पासून बनणारं २७ इंच वा त्याहून उंच असं कपड्यांचं कपाट, २७ किलोपर्यंतच्या मुलाचा भार धरूनही पडत नाही ना, हे तपासावं लागतं.

मला या इतिहासात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मूल चढणारच, हे शेवटी कायद्याने मान्य केलं. चढणं हा त्याचा खोडकरपणा नव्हे, वाढच आहे. आणि आई चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसू शकत नाही.

आता, आपल्या सुताराकडून करून घेतलेल्या कपाटाला तिकडचा कायदा लागू नाही, जुन्या कपाटांनाही नाही. तेव्हा नातवंडं यायच्या आत कपाट वरच्या बाजूने पट्टी-स्क्रूने भिंतीला पक्कं करून घ्या, जड वस्तू खालच्या खणात ठेवा आणि वर खेळणी मांडू नका. सुताराचं अर्ध्या तासाचं काम. सुनेला उपदेश करण्यापेक्षा हे बरं, नाही का?