दोन गिअरांची मालमोटार

मोटारगाड्यांच्या इतिहासांत शर्यतीच्या गाड्यांचीं आणि राजेरजवाड्यांच्या गाड्यांचीं वर्णनें हवीं तितकीं सांपडतात. परंतु पहाटेस दुधाचीं भांडीं, दिवसा कोळसा व लांकूड आणि सुगींत धान्याचीं पोतीं वाहून ज्या गाड्यांनीं हजारों कुटुंबांचा चरितार्थ चालविला, त्यांची विचारपूस करणारा विरळा. अशा गाड्यांत अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची ‘टी टी’ नांवाची मालमोटार अग्रगण्य होय. ती स्वस्त होती, चिवट होती, आणि चढण आली कीं हमखास रडत असे. तिचें हें रडें थांबविण्यासाठीं मालकांनीं काय काय खटपटी केल्या, आणि त्या खटपटींतून एक धोका नकळत कसा जन्मास आला, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं ‘टी’ नांवाची मोटार बाजारांत आणली. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, २·९ लिटरांचें आणि सुमारें २० अश्वशक्तीचें होतें. हलक्या मोटारीस तेवढें बळ पुरे होई. पुढें १९१७ सालीं कंपनीनें एक टन ओझें वाहणारी ‘टी टी’ काढली. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १०० इंचांचें १२४ इंच झालें, सांगाडा जाड झाला, मागील आंस भक्कम झाला. किंमत ६०० डॉलर. या किंमतींत मिळे तो केवळ सांगाडा व एंजिन. चालकाच्या डोक्यावर छप्परहि नसे. गिऱ्हाइकानें सांगाडा घरीं न्यावा आणि गांवच्या सुताराकडून बैठक व माल ठेवण्याचा हौदा करवून घ्यावा, अशी रीत होती. एंजिन मात्र मोटारींतलें तेंच. वीस घोडे तेच, ओझें मात्र टनाचें. पुढें १९२५ सालीं कंपनीनें मोटारीच्याच सांगाड्यावर मागें ५६ इंच लांब व ४० इंच रुंद पेटी बसवून २८१ डॉलरांत एक छोटी मालगाडी विकण्यास आरंभ केला. आज जिला पिकप म्हणतात, तिची फोर्डच्या घराण्यांतील मूळ आजी ती हीच.

आतां थोड्या घोड्यांनीं मोठें ओझें ओढावयाचें कसें? आपल्याकडे भरलेली गाडी घाट चढवावयाची झाली म्हणजे पुढें आणखी एक बैलजोडी जुंपीत. एंजिनास अशी जोडी जुंपतां येत नाहीं. तेथें पहारेचा न्याय लावावा लागतो. पहारेनें धोंडा उचलतांना हात हातभर खालीं येतो आणि धोंडा बोटभर वर चढतो, पण चढतो. गिअर म्हणजे फिरती पहारच होय. मोटारींत चाकाचा एक फेरा होण्यास एंजिनाचे ३·६४ फेरे होत; मालमोटारींत ते ७·२५ ठेवले होते. अर्थात् जोर जवळजवळ दुप्पट झाला आणि वेग तितकाच उतरला. ताशीं पंधरा मैलांच्या वर ही गाडी हांकूं नये, असें सांगितलेलें असे. घाई असणारांसाठीं ५·१७ फेऱ्यांचा दुसरा आंस मिळे व त्यावर बावीस मैलांपर्यंत जातां येई.

येथवर सर्व ठीक होतें. खरी अडचण होती ती एंजिनामागील गिअरच्या पेटींत. फोर्डच्या गाडीस पुढें जाण्याचे गिअर दोनच. एक सरळ, दुसरा पावणेतीनपट सावकाश. श्रोत्यांनीं असें डोळ्यांपुढें आणावें कीं, भरलेली गाडी पंधरा मैलांच्या वेगानें चालली आहे. समोर लहानशी चढण येते. सरळ गिअरमध्यें एंजिन धापा टाकूं लागतें. आतां खालचा गिअर घेतला तर वेग एकदम साडेपांच मैलांवर येणार. चढण तर अशी कीं, दहा मैलांच्या वेगानें ती सहज चढून जावी. पण दहा मैलांची पायरीच त्या जिन्यांत बांधलेली नाहीं! एकावर पाय, आणि त्याच्या वरची पायरी एकदम छातीइतकी उंच, अशी ही घडण होती.

त्यांतहि आणखी एक मौज होती, म्हणजे पाहणाऱ्यास मौज आणि चालविणाऱ्यास शिक्षा. फोर्डला गिअर बदलण्याचा हातांतील दांडा नव्हता. पायाशीं तीन पेडलें असत. डावें पूर्ण दाबलें कीं खालचा गिअर, पूर्ण सोडलें कीं वरचा, अर्ध्यावर धरलें कीं गाडी मोकळी. मधलें पेडल मागें जाण्याचें आणि उजवें ब्रेकचें. पेट्रोल वाढविण्याचा खटका सुकाणूखालीं उजव्या हाताशीं. ही योजना नवशिक्यास फार सोयीची, कारण दांत घासण्याची भीति नाहीं. पेटींतील चक्रें नेहमीं एकमेकांत गुंतलेलींच असत व कापडाचे पट्टे आवळून त्यांतील हवें तें पिंप थांबविलें जाई. पण खालचा गिअर चालूं ठेवावयाचा तर डावा पाय दाबूनच धरावा लागे. दोन मैलांची चढण असली तर वीस-बावीस मिनिटें पाय तसाच! पाय जरा सैल पडला कीं पट्टा निसटे, जळे, आणि कांहीं दिवसांनीं नवा पट्टा घालण्याचें काम निघे.

सुधारणेच्या खटपटी दोन वाटांनीं झाल्या. एक वाट बळ वाढविण्याची, दुसरी पायऱ्या वाढविण्याची.

बळ वाढविण्याच्या वाटेवर पहिलें काम बिनपैशाचें होतें, आणि म्हणूनच बहुधा तेंच राहून जाई. या गाडीचें प्रज्वलन चालकाच्या हातीं असे. सुकाणूखालीं डाव्या बाजूस एक खटका होता. त्यानें ठिणगी लौकर वा उशिरा पाडतां येई. एंजिन हातानें फिरवून सुरू करतांना ठिणगी उशिराची ठेवावी लागे, नाहींतर दांडा उलटा फिरून मनगट मोडे. गाडी वेगांत आली कीं ठिणगी लौकर करावयाची, आणि चढणीवर एंजिन मंदावलें कीं पुन्हां थोडी मागें घ्यावयाची. जो चालक हें कानानें जाणत असे, त्याची गाडी चढे. जो खटका एकदां लावून विसरत असे, त्याची गाडी खडखडाट करून थांबे. शिवाय लांकडाच्या पेटींत चार कॉइली असत, प्रत्येक सिलिंडरास एक. त्यांचीं कंप पावणारीं टोकें सारखीं जुळविलेलीं नसलीं म्हणजे एक सिलिंडर वेळेवर पेटे, दुसरा मागाहून. सिलिंडरांतील काजळी खरवडणें, झडपा घासून बसविणें, टायमर साफ ठेवणें, कॉइली जुळविणें, एवढें केलें तरी पुष्कळ गाड्यांना आपले हरवलेले घोडे परत सांपडत. नवें बळ विकत आणण्यापूर्वीं आपलें आहे तें कोठें गळतें आहे हें पाहणारे मालक थोडेच, आणि तेच बहुधा सुखी.

नवें बळ विकणारांचा मात्र सुकाळ झाला. फोर्डच्या एंजिनांत पेट्रोलचा वायु फारच थोडा दाबला जाई. १९१७ च्या सुमारास हा दाब साडेचारपटींवरून जेमतेम चौपटीवर आणलेला होता. त्यामुळें हलकें पेट्रोलहि त्यास पचे, पण बळ बेताचें. झडपा सिलिंडरांच्या कडेस, तोंडें अरुंद, आणि चार सिलिंडरांना मिळून वायु आंत येण्याच्या वाटा दोनच. म्हणून सिलिंडरांवरील झांकण, ज्यास ‘हेड’ म्हणतात, तेंच काढून दुसरें बसवावयाचें, ही युक्ति निघाली. नव्या हेडांत झडपा वर टांगलेल्या असत व दाब अधिक असे. इंडियानापोलिस येथें लुई व आर्थर शेव्हरोले या बंधूंच्या फ्रंटेनॅक कंपनीनें अशीं हेडें काढलीं. रेसीन गांवीं जो यागर्सबर्गर यांनीं काढलेल्या हेडास गांवाचीं व स्वतःच्या नांवाचीं अक्षरें जोडून ‘राजो’ नांव मिळालें. अँडरसन येथें रॉबर्ट रूफ यांचा कारखाना होता. त्यांतील फ्रंटेनॅकनें तर चमत्कारच केला. १९२३ सालच्या इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत फ्रंटेनॅक हेड घातलेली एक फोर्ड पांचवी आली, आणि तेंहि खास शर्यतीसाठीं घडविलेल्या महागड्या यंत्रांच्या मेळ्यांत. पुढच्या वर्षीं त्याच शर्यतीस मुख्य पंच म्हणून खुद्द हेन्री फोर्ड उभे होते.

शर्यतीचें यश पाहून मालवाहूंनींहि हेडें घेतलीं. पण एंजिन हें साखळीसारखें असतें; एक कडी जाड केली कीं ताण शेजारच्या कडीवर जातो. फोर्डचा क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांचें वरखालीं जाणें ज्यामुळें गोल फिरण्यांत बदलतें तो वांकडा दांडा, टेंकावर अवघा सव्वा इंच जाड होता, आणि त्यास टेंकू तीनच. तेल पोंचे तें फिरत्या चक्रांनीं उडविलेलें. पंपानें रेटलेलें नव्हे. वीस घोड्यांच्या बेतानें केलेल्या या दांड्यावर चाळीस घोडे बसविले तर शर्यतीचे चार तास तो निभावेल. परंतु रोज सकाळीं सहापासून ओझ्याखालीं कण्हणाऱ्या गाडींत तो मोडावयाचाच. पाणी थंड ठेवण्यासहि पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढे व थंड खालीं उतरे, तेवढ्यावरच भागे. त्यामुळें बळ वाढविलेली गाडी चढणीवर वाफ सोडूं लागे.

म्हणून मालवाहूंच्या दृष्टीनें दुसरी वाटच शहाणपणाची ठरली. ग्लोव्हर रक्स्टेल यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेला दोन गतींचा आंस कॅलिफोर्नियांत बर्कली येथील हॉल-स्कॉट कारखान्यांत तयार होई. तो फोर्डच्या मूळ आंसांतच बसे. हाताजवळचा दांडा ओढला कीं जोर सुमारें दीडपट वाढे. दोन गिअरांचे अशा रीतीनें चार झाले, आणि सरळ व पावणेतीनपट यांच्या मधली ती हरवलेली पायरी सांपडली. एंजिनावर एक मासाहि जादा ताण नाहीं. उलट तें आपल्या सुखाच्या वेगानें फिरे. फोर्ड कंपनी परक्या सुट्या भागांविषयीं एरव्हीं नाखूष असे, पण या आंसास तिची संमति मिळाली व तिच्याच विक्रेत्यांकडून तो विकला गेला. मोठ्या मालमोटारींसाठीं वॉरफर्डसारख्या जादा गिअरपेट्या निघाल्या. मूळ पेटी आणि मागें जाणारा दांडा यांच्या मध्यें ही दुसरी पेटी बसवीत. तींत एक गति सावकाशीची, एक सरळ व एक सरळाहूनहि वेगाची. दोन त्रिक सहा! ओझें भरून जातांना सावकाश चढावें आणि रिकाम्या गाडीनें परततांना वेगानें यावें, असा दुहेरी लाभ झाला.

येथेंच तो धोका दडला होता. फोर्डचा पायाचा ब्रेक चाकांवर लागतच नसे. तो एंजिनामागील मूळ पेटींतल्या एका पिंपावर पट्टा आवळी; पिंप थांबलें कीं त्यास जोडलेला दांडा थांबे, दांडा थांबला कीं आंस, आणि आंस थांबला कीं चाकें. ही साखळी अखंड आहे तोंवर ब्रेक आहे. आतां या साखळींत मधोमध नवी पेटी घातली, आणि नव्या पेटीस कोणत्याहि गिअरमध्यें नसण्याची एक मोकळी जागाहि असे. गिअर बदलतांना चक्रें क्षणभर त्या मोकळ्या जागेंत येतात. उतारावर चालकानें एक गिअर काढला आणि दुसरा बसेना; गाडी तर वेग घेऊं लागली; वेग वाढला कीं दांत जुळणें अधिकच अवघड. त्यानें ब्रेकवर सर्व भार घातला. पट्टा पिंपावर गच्च बसला, पिंपहि थांबलें. पण चाकांशीं त्याचा संबंध उरलेला नव्हता! एंजिनाचा अटकावहि त्याच वाटेनें येणार, म्हणून तोहि गेला. उरे तो हाताच्या दांड्याचा, मागील चाकांतील लहानसा ब्रेक. आणि तो उभी गाडी जागीं धरून ठेवण्याच्या योग्यतेचा, टनभर ओझें घेऊन सुटलेली गाडी आवरण्याच्या योग्यतेचा नव्हे. रक्स्टेलच्या आंसांत मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा नव्हती. तरीहि तो नीट जुळविलेला नसला कीं मध्येंच अडकून हाच प्रसंग ओढवे.

नवलाची गोष्ट अशी कीं, हा दोष नव्या पेटीचा नव्हता आणि जुन्या ब्रेकचाहि नव्हता. दोन्हीं आपापल्या जागीं निर्दोष. दोघांना एकत्र आणणाऱ्यानें ब्रेकची वाट कोठून जाते हें पाहिलें नाहीं, एवढेंच. त्यावरचा उपायहि बाजारांत होता. ‘रॉकी माउंटन’ या नांवानें ओळखले जाणारे पट्ट्याचे ब्रेक मागील चाकांच्या पिंपांवर बाहेरून बसत आणि त्याच उजव्या पेडलास जोडले जात. पर्वतांतील चालकांनीं ते हौसेनें घेतले. सपाट प्रदेशांतील पुष्कळांनीं तो खर्च वांचविला.

फोर्ड कंपनीनें अखेर १९२७ च्या मे महिन्यांत टी बंद केली. तोंवर तशा दीड कोटि गाड्या झाल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘ए’ मोटारीस ४० अश्वशक्ति, पुढें जाण्याचे तीन गिअर, आणि चारी चाकांवर ब्रेक होते. तिच्या जोडीची दीड टनी ‘ए ए’ मालमोटार १९२९ पासून चार गिअरांची मिळूं लागली. मालकांनीं दहा वर्षें सुट्या भागांनीं जें जोडजोडून मिळविलें, तें कारखान्यानें एकदम घडवून दिलें, व तेंहि ब्रेक योग्य ठिकाणीं ठेवून. दांत न घासतां गिअर बदलण्याची सोयहि १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत आली. अर्ल थॉम्प्सन यांच्या या योजनेंत दांत भिडण्यापूर्वींच शंकूच्या आकाराचे दोन भाग घर्षणानें दोन्हीं चक्रांचे वेग सारखे करतात. मालमोटारींच्या चालकांना मात्र पुढें पुष्कळ वर्षें क्लच दोनदां दाबून कानाच्या अंदाजानेंच वेग जुळवावे लागले.

हल्लीं पिकप गाडीचें बळ वाढविणारा कारागीर हेड काढीत नाहीं. गाडींतील संगणकास नवें कोष्टक शिकवितो, आणि ठिणगीची वेळ, इंधनाचें माप व गिअर बदलण्याचा क्षण हे तिन्हीं एकदम बदलतात. जुन्या टी आणि टी टी गाड्या जपणारे हौशी लोक अमेरिकेंत आजहि पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं रक्स्टेलचा आंस पुन्हां नव्यानें तयार होऊन विकला जातो. जादा गिअर बसविलेली जुनी गाडी रस्त्यावर काढूं पाहणाऱ्या नवख्यास जाणते मंडळी एंजिनाविषयीं कांहीं विचारण्याआधीं, मागील चाकांवर स्वतंत्र ब्रेक बसविला आहे कीं नाहीं, हें विचारतात.