पासष्टीची हद्द

वार्धक्य आणि पंगुत्व ही दोन दुःखे राज्यकर्त्यांच्या दप्तरात प्रथम एकत्रच नोंदली गेली. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली विम्याचा जो कायदा झाला, त्याने कामास असमर्थ झालेला मजूर आणि सत्तरी गाठलेला मजूर या दोघांनाही एकाच आश्रयाखाली घेतले. आणि ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याने १९०८ च्या जून महिन्यात, आल्फ्रेड डीकिन पंतप्रधान असताना, निवृत्तिवेतनाचा जो कायदा मंजूर केला, त्याच्या तर नावातच अपंग आणि वृद्ध असे दोघेही शेजारी शेजारी होते. वृद्धांचे वेतन १९०९ च्या जुलैपासून आणि अपंगांचे १९१० च्या डिसेंबरपासून सुरू झाले. पुरुषाला वृद्ध ठरवण्यासाठी त्या कायद्याने ६५ वर्षांची मर्यादा घातली. मजुराकडून आणखी किती वर्षे श्रमाची अपेक्षा धरावी आणि खजिन्याला किती भार सोसेल, या दोन विचारांतून हा आकडा ठरला. माणसाचे हातपाय केव्हा थकतात याच्याशी त्याचा संबंध केवळ दूरचा होता.

त्या कायद्याला आणखीही एक कुंपण होते, आणि त्याच्याशी आपला संबंध पोचतो. ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेले आशियाई लोक आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी यांना त्याने वेतनातून साफ वगळले होते. आयुष्यभर तेथील शेतांत राबलेला किंवा गावोगाव फेरी करून माल विकणारा हिंदी मनुष्य म्हातारपणी अंध झाला किंवा अंथरुणाला खिळला, तरी सरकारी मदतीवर त्याचा हक्क नव्हता. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री हे १९२२ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी तेथील हिंदी रहिवाशांची बाजू मोठ्या संयमाने आणि तितक्याच आग्रहाने मांडली. १९२५ साली त्या रहिवाशांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला आणि १९२६ साली निवृत्तिवेतनाची अपात्रताही दूर झाली. कायद्याने आखलेली हद्द कायदा पुसूही शकतो, हे गोखल्यांच्या या वारसदाराने तेथे जाऊन सिद्ध केले, ही गोष्ट आपल्याकडे जितकी स्मरणात राहावयास हवी होती तितकी राहिलेली नाही.

निवृत्तिवेतनाच्या त्या कायद्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच देशाने विकलांगांसाठी एक खरोखर थोर उपक्रम हाती घेतला. उत्पादकता आयोगाने २०११ साली अशी शिफारस केली की, अपंगत्व हे कोणाच्याही वाट्याला येऊ शकणारे संकट असल्यामुळे त्याचा भार सर्व राष्ट्राने विम्याच्या तत्त्वावर उचलावा. त्या शिफारशीतून २०१३ चा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा प्रायोगिक अंमल काही प्रदेशांत सुरू झाला. मनुष्याला जे साहाय्य वाजवी आणि आवश्यक असेल ते, त्याची मिळकत न पाहता, द्यावयाचे, हे या योजनेचे ब्रीद. परंतु याच कायद्याच्या २२ व्या कलमाने अर्ज करतेवेळी अर्जदाराचे वय ६५ च्या आत असले पाहिजे अशी अट घातली. आधी दाखल झालेल्याला पासष्टीनंतरही योजनेत राहता येते. नंतर येणाऱ्याने मात्र वृद्धसेवेच्या दाराशी जावे, जेथे मदतीचे टप्पे ठरलेले असतात आणि मिळकतीची चौकशीही होते. याचे कारण जमाखर्चात सापडते. वृद्धांची जबाबदारी संघ सरकारची आणि तरुण विकलांगांची घटकराज्यांची, अशी वाटणी बहुतेक राज्यांशी आधीच ठरत आली होती, आणि तिची सीमारेषा ६५ हीच होती. उतारवयात येणारे पंगुत्व हे वार्धक्याचेच अंग आहे, असा युक्तिवादही तिला जोडला गेला.

हा युक्तिवाद कोठे कोसळतो हे पोलिओच्या रुग्णांकडे पाहिले म्हणजे कळते. १९३७ पासून पुढे सुमारे वीस वर्षे ऑस्ट्रेलियात पोलिओच्या साथी येत राहिल्या. साल्क यांची लस तेथे १९५६ साली सर्रास टोचली जाऊ लागली. त्या साथींतून वाचलेली मुले पोलादी सळया आणि चामड्याचे पट्टे यांचे कॅलिपर पायांना बांधून शाळेत गेली, नोकऱ्या केल्या, कर भरले, संसार केले. आणि साठीच्या सुमारास, जे स्नायू इतकी वर्षे दुप्पट ओझे वाहत आले होते, तेच पुन्हा निकामी होऊ लागले. वैद्यकशास्त्र या अवस्थेला पोलिओचेच उत्तरकालीन परिणाम म्हणते. यांचे अपंगत्व वार्धक्याचे आहे असे कोण म्हणेल? तरीही जुलै १९४८ पूर्वी जन्मलेला प्रत्येक जण योजनेच्या पहिल्याच दिवशी पासष्टी ओलांडून बसलेला होता. योजना एकेका प्रदेशात टप्प्याटप्प्याने पोचत गेली, त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्या कित्येकांचाही पासष्टावा वाढदिवस तिच्याआधी उजाडला. चाकाची खुर्ची, स्नानाच्या वेळचा मदतनीस, उंबऱ्यावरचा उतार, यांची गरज ६४ व्या वर्षी जितकी असते तितकीच ६६ व्या वर्षी असते.

वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०२१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा अन्याय ओळखला, आणि वृद्धसेवेतील विकलांगांना २०२४ च्या जुलैपर्यंत योजनेच्या तोडीचे साहाय्य मिळावे अशी शिफारस केली. ती मुदत टळली. वृद्धसेवेचा नवा कायदा आला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचा अंमलही सुरू झाला. २२ वे कलम जागचे हलले नाही. दरम्यान ज्या वृद्धवेतनाच्या वयावरून हा आकडा मुळात आला, ते वय २०१७ पासून पायरीपायरीने वाढत २०२३ च्या १ जुलैला ६७ वर पोचले. म्हणजे ज्या गृहस्थाला ६६ व्या वर्षी अर्धांगाचा झटका येतो, त्याला त्या देशाचे सरकार वृद्धवेतनासाठी अद्याप म्हातारा मानीत नाही, आणि विकलांगांच्या योजनेसाठी मात्र म्हातारा म्हणून परत पाठवते.