२६, अलीपूर रोड

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसास दिल्ली आणि मराठे यांचा संबंध विचारला, तर तो पानिपतचे नाव घेईल, फार तर तालकटोऱ्यापर्यंत आलेल्या बाजीरावाच्या फौजेची आठवण सांगेल. इतिहास म्हणजे रणांगणे, ही आपली जुनी समजूत. त्यामुळे या नगरीतील घरांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अशाच एका घराचा वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे.

काश्मिरी दरवाजाच्या उत्तरेस इंग्रजांनी वसविलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये सिरोही संस्थानाच्या महाराजांचा एक बंगला होता. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हार्डिंज अॅव्हेन्यूवरील सरकारी निवासस्थान सोडून तेथे राहावयास आले. घर परक्याचे, प्रकृती ढासळलेली. तथापि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम त्यांनी येथेच तडीस नेले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी मागून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाल्याचे आढळले. पार्थिव विमानाने मुंबईस गेले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

मुंबईस दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ त्यांनी स्वतः बांधविलेले, म्हणून ते टिकले. दिल्लीचा बंगला मात्र खाजगी मालमत्ता. तो विकला गेला, पुढे त्याची मालकी बदलत गेली आणि अखेर जुनी इमारत पाडण्यात आली. जमिनीचा भाव वाढला की भिंतींना किंमत उरत नाही, हा सर्वच शहरांचा अनुभव आहे. केंद्र सरकारने अन्य जागेच्या बदल्यात ही वास्तू ताब्यात घेतली आणि डिसेंबर २००३ मध्ये ती राष्ट्राच्या स्मृतीस अर्पण झाली, तेव्हा मूळ घर उरले नव्हते. २०१६ साली नव्या स्मारकाची कोनशिला बसली व १३ एप्रिल २०१८ रोजी उघड्या ग्रंथाच्या आकाराची भव्य इमारत लोकांसाठी खुली झाली.

स्मारक देखणे आहे, यात शंका नाही. परंतु बाबासाहेब ज्या खोलीत लिहीत बसत, ती खोली कोणताही शिल्पकार परत आणू शकत नाही. माईसाहेबांनी दिलेल्या त्यांच्या नित्याच्या वस्तू पुण्यास सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात जपल्या आहेत. वस्तू पुण्यात, जागा दिल्लीत आणि घर कोठेच नाही, अशी ही स्थिती आहे. याउलट लंडनमध्ये १९२१-२२ साली विद्यार्थी असताना ते जेथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर उभे होते, म्हणूनच २०१५ साली महाराष्ट्र सरकारला ते विकत घेता आले. तेथे संग्रहालय करण्यास स्थानिक नगरसभेने हरकत घेतली, तरी २०२० साली अनुमती मिळाली. उभ्या घरासाठी भांडता येते. पडलेल्या घरासाठी केवळ हळहळता येते.

आम्हां नोकरदारांची घरे सरकारची वा भाड्याची. बदलीचा हुकूम आला की दारावरची पाटी उतरते आणि आपण तेथे होतो, याची खूण राहत नाही. बाबासाहेबांच्या घराचे जे झाले, त्यात याच परक्या छपराचा वाटा आहे. मालकाला घराचा इतिहास ठाऊक असतोच असे नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि समाजाने तो वेळीच सांगावा लागतो. दिल्लीत राहून गेलेल्या मराठी ग्रंथकारांची, संसदपटूंची, विद्वानांची घरे कोणती, त्यांतील किती उभी आहेत, याची यादी येथील मराठी मंडळांनी केल्यास खर्च वहीचा आणि काही रविवारांचा. पत्ता, छायाचित्र आणि एखाद्या वृद्ध शेजाऱ्याची आठवण, एवढे पुरे.

मुनिरक्याहून हौज खासला गाडी बदलून मेट्रोने सिव्हिल लाइन्सला जाता येते. वाचकांनी एकदा तेथे अवश्य जावे, स्मारक पाहावे आणि परतताना ही यादी कोठून सुरू करावी याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.